वर्ध्याचे खानखोजे, पंजाबी मजूर आणि अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा

कुडव्याचा माणूस मुंबईला निघाला की गोंदियाला जाऊन विदर्भ एक्सप्रेस धरतो. नागपूर मागे पडलं की थोड्या वेळात वर्धा येतं. वर्धा म्हटलं की आपल्याला सेवाग्राम आठवतं, गांधीजी आठवतात, विनोबा आठवतात. पण गांधीजी वर्ध्याला राहायला आले १९३४ साली. त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी याच गावात एक मुलगा जन्मला होता. अहिंसेच्या या राजधानीतून निघून तो थेट अमेरिकेत गेला आणि बंदूक चालवायला शिकला. पुढे इराणच्या डोंगरांत इंग्रजांशी लढला, मॉस्कोला जाऊन आला आणि शेवटी मेक्सिकोत मक्याचा प्राध्यापक झाला.

त्यांचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वीणा गवाणकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र अनेकांनी वाचलं असेल. सोशल मीडियावरही त्यांच्या नावाची पोस्ट दर काही महिन्यांनी फिरत असते. तिच्यात बहुतेक वेळा एकट्या मराठी वीराची गोष्ट असते. आज आपण त्यातली एक बाजू बघू, जी या पोस्टमध्ये जवळपास नसतेच. ती म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि बटाट्याच्या शेतांत राबणारे पंजाबी मजूर, त्यांनी स्थापन केलेली एक सोसायटी आणि तिचा गुरुद्वारा. हे लोक नसते तर खानखोजेंच्या हातात नुसता नकाशा राहिला असता.

तर गोष्ट सुरू होते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. वंगभंगाची चळवळ पेटलेली होती. वर्धा-नागपूरकडची शाळकरी पोरं स्वदेशीच्या सभांना जात होती आणि घरचा मार खात होती. पांडुरंग त्यातलाच एक. त्याच्या डोक्यात मात्र सभा आणि भाषणं फार काळ टिकली नाहीत. इंग्रजांकडे सैन्य आहे, आपल्याकडे नाही, तेव्हा आधी सैनिकी शिक्षण घ्यायला हवं, असा त्याचा सरळ हिशोब होता. पण हिंदुस्थानात ते शिक्षण मिळणार कुठे? लोकमान्य टिळकांना तो भेटला आणि परदेशाची वाट धरायचं ठरलं. आधी जपान, मग तिथून जहाजाने सॅन फ्रान्सिस्को.

१९०६ च्या भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ भुईसपाट झालं होतं. खानखोजे पोचले तेव्हा शहर पुन्हा उभं राहत होतं. खिशात पैसे नाहीत, ओळखीपाळखी नाहीत. पडेल ते काम करत त्यांनी दिवस काढले. शेतीचं शिक्षणही सुरू केलं आणि सॅन राफेल इथल्या माउंट तमालपाईस मिलिटरी अकॅडमीत दाखल होऊन कवायत, नेमबाजी, युद्धशास्त्र हेही शिकून घेतलं. तारकनाथ दास, अधरचंद्र लस्कर अशा बंगाली तरुणांबरोबर इंडियन इंडिपेन्डन्स लीग नावाची संघटनाही काढली. नाव मोठं होतं, माणसं मूठभर होती, आणि तीही सगळी विद्यार्थी.

इथे खानखोजेंच्या आयुष्याला वळण मिळालं. पोट भरायला आणि माणसं गोळा करायला ते उत्तरेला, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांकडे गेले. कोलंबिया नदीच्या काठाने लाकूड कापायच्या मोठमोठ्या गिरण्या होत्या. तिथे ओंडके ओढायला, फळ्या रचायला पंजाबी मजूर होते. दिवसाला दीड-दोन डॉलर मजुरी, दहा-दहा तास काम. गोरे लोक त्यांना सरसकट हिंदू म्हणत, पण त्यातले बहुतेक शीख होते, काही मुसलमान, थोडे हिंदू. जालंधर, होशियारपूर, लुधियाना, अमृतसर भागातले हे शेतकरी. घरची जमीन वाटण्यांत तुकडे होऊन गेलेली, वर सावकाराचं कर्ज. म्हणून जमीन गहाण टाकून जहाजाचं तिकीट काढलेलं.

आणि यातले कितीतरी जण ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले शिपाई होते!

जरा विचार करा. वर्ध्याचा हा पोरगा सैनिक व्हायचं शिक्षण शोधत अर्धं जग ओलांडून आला. आणि त्याला इथे फळ्या रचताना भेटले ते आधीच सैनिक होते. चीनपासून सरहद्दीपर्यंत इंग्रजांसाठी लढून झालेले. त्यांना बंदूक शिकवायची गरज नव्हती. वर्धा-नागपूरच्या माणसाला हिंदी परकी नसते, त्यामुळे बोलायला अडचण आली नसावी. पण कॉलेजात शिकणारा ब्राह्मण तरुण आणि गिरणीतला जाट शेतकरी यांच्यात एक अंतर होतंच. ते अंतर दोघांनी मिळून कमी केलं, आणि त्याला मुख्य कारण गोऱ्यांची वागणूक होती, असं म्हणावं लागेल.

४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात पाचेकशे गोऱ्या कामगारांच्या जमावाने पंजाबी मजुरांच्या खोल्यांत घुसून त्यांना मारलं, सामान लुटलं आणि गावाबाहेर हाकललं. दोन-तीन दिवसांत गावात एकही पंजाबी उरला नाही. १९१० च्या मार्चमध्ये पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्स गावात तेच घडलं. जपानी मजुरांवर असे हल्ले झाले की जपानचं सरकार ओरडायचं, वकिलातीमार्फत दाद मागायचं. हिंदुस्थानी मजुरांसाठी ओरडणार कोण? लंडनचं सरकार? इंग्रजांसाठी आयुष्य घालवलेल्या या शिपायांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या पाठीशी कुणीच नाही. कॅनडात हा राग आधीच बाहेर पडला होता. व्हँकुव्हरला १९०६ साली खालसा दिवान सोसायटी निघाली होती आणि १९०८ च्या जानेवारीत तिचा गुरुद्वारा उभा राहिला होता. १९०९ साली तिथे ठराव झाला की गुरुद्वाऱ्याच्या कार्यकारिणीतल्या कुणीही ब्रिटिश लष्कराची पदकं आणि गणवेश घालायचा नाही.

आता थोडं कॅलिफोर्नियात येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला स्टॉकटन नावाचं नदीबंदर आहे. सॅन वाकीन नदीच्या मुखाकडची दलदल उपसून तिथे काळी कसदार जमीन तयार केलेली. त्या जमिनीत बटाटा, घेवडा, शतावरी पिकायची. (थोडं उत्तरेला सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात त्याच सुमारास धानाची शेती सुरू झाली आणि तिथेही पंजाबी मजूर राबले. धानाच्या गोंदियात बसून हे वाचणाऱ्यांना बांध्यांत पाणी धरणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.) स्टॉकटनजवळच्या होल्ट गावात ज्वालासिंग आणि वसाखासिंग या दोघांनी काही शे एकर जमीन खंडाने घेऊन बटाट्याची शेती केली. ज्वालासिंगांचा बटाटा इतका निघायला लागला की लोक त्यांना बटाट्याचा राजाच म्हणायला लागले. वसाखासिंग त्यामानाने शांत, भजनी वृत्तीचे. लोक त्यांना संत म्हणत.

या दोघांनी आधी आपल्या शेतावरच पाठ सुरू केला. मग १९१२ च्या मे महिन्यात पॅसिफिक कोस्ट खालसा दिवान सोसायटीची रीतसर नोंदणी झाली आणि स्टॉकटनच्या साउथ ग्रँट स्ट्रीटवर गुरुद्वारा सुरू झाला. अमेरिकेतला हा पहिला गुरुद्वारा. पुढची पस्तीसेक वर्षं तो एकमेवच होता.

गुरुद्वारा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर नांदेडचं सचखंड येतं. स्टॉकटनचं तसं काही नव्हतं. साधी लाकडी इमारत. पण तिचं काम बघा. हंगामी मजूर गावोगाव फिरायचा. कुठे फळं तोडायची, कुठे बटाटा काढायचा, कुठे रेल्वेचे रूळ टाकायचे. हॉटेलं त्याला खोली द्यायची नाहीत. गुरुद्वाऱ्यात आलं की रात्रीची पथारी आणि लंगरमध्ये गरम रोटी-डाळ. पुढचं काम कुठे निघालंय ते तिथेच कळायचं. कुणी आजारी पडला, कुणी मेला, तर पुढची व्यवस्था सोसायटी बघायची. येणारा शीख असो, मुसलमान असो की हिंदू, पंगत एकच. बायकापोरं मात्र जवळपास नव्हतीच, कारण अमेरिकेचे कायदे त्यांना येऊ देत नव्हते. सगळा कारभार एकट्यादुकट्या पुरुषांचा. हीच मंडळी पुढे किती अमेरिकी पद्धतीने राहायला लागली याचा एक नमुना सांगतो. काही काळ या गुरुद्वाऱ्यात लोक चक्क खुर्च्यांवर बसायचे, तेही पायात बूट ठेवून! पुढे नवीन पिढी भारतातून आली तेव्हा त्यावरून बरीच धुसफुस झाली आणि जुनी रीत परत आली.

ज्वालासिंगांनी बटाट्याच्या पैशातून आणखी एक काम केलं. १९१२ सालीच त्यांनी गुरू गोविंदसिंगांच्या नावाने शिष्यवृत्त्या ठेवल्या आणि बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला हिंदुस्थानातून विद्यार्थी बोलावले. अट अशी की जात-धर्म बघायचा नाही. त्यातून शिकलेले गोविंद बिहारी लाल पुढे विज्ञान पत्रकार झाले आणि १९३७ साली त्यांना पुलित्झर पुरस्कारात वाटा मिळाला. म्हणजे ज्याला स्वतःला इंग्रजी शाळा मिळाली नाही, तो शेतकरी कॉलेजची फी भरत होता. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीत सगळ्यात मोठं धाडस हेच आहे. बॉम्ब टाकणाऱ्यांची नावं लक्षात राहतात, फी भरणाऱ्यांची राहत नाहीत.

इकडे खानखोजे ओरेगॉन-वॉशिंग्टनमध्ये दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते. एकीकडे कॉलेजात शेतीशास्त्र, दुसरीकडे मजुरांच्या बैठका. पोर्टलंडला त्यांना पंडित कांशीराम भेटले, जे मजूर पुरवायचे ठेके घेत आणि चार पैसे बाळगून होते. सोहनसिंग भकना भेटले, जे १९०९ पासून लाकडाच्या गिरणीत काम करत होते. १९१२-१३ मध्ये या मंडळींनी पोर्टलंड आणि ॲस्टोरियाला सभा घेतल्या. लाला हरदयाळ आले. हिंदुस्थानी असोसिएशन ऑफ द पॅसिफिक कोस्ट स्थापन झाली. भकना अध्यक्ष, कांशीराम खजिनदार, हरदयाळ चिटणीस. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून उर्दू गदर निघालं, महिन्याभरात गुरुमुखी आवृत्तीही निघाली, आणि संघटनेलाच लोक गदर पार्टी म्हणायला लागले.

खानखोजेंच्या आठवणींनुसार पार्टीची दोन अंगं होती. एक प्रचाराचं आणि दुसरं प्रत्यक्ष लढाईचं. दुसऱ्याला नाव होतं प्रहार आणि ते त्यांच्याकडे होतं. पण दोन्हींसाठी पैसा येत होता तो मजुरांच्या घामाचा. स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्यात, शेतांवरच्या छपरांत, गिरण्यांच्या खोल्यांत झोळी फिरायची. सोसायटी ही धर्माचं काम करणारी संस्था आणि पार्टी ही बंडाचं काम करणारी, पण माणसं बरीचशी तीच. ज्वालासिंग दोन्हीकडे होते, वसाखासिंगही. ब्रिटिश गुप्तहेरांना हे कळायला वेळ लागला नाही आणि किनाऱ्यावरचे गुरुद्वारे त्यांच्या अहवालांत येऊ लागले.

१९१४ च्या मे महिन्यात कोमागाटा मारू जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला लागलं. कॅनडाने मोजके सोडून बाकीच्यांना उतरू दिलं नाही. दोन महिने लोक बंदरात अडकून पडले. गुरुद्वाऱ्यातून वर्गणी काढून जहाजाचं भाडं आणि वकिलांचा खर्च उभा केला गेला, तरी २३ जुलैला जहाज परत फिरवलं. सप्टेंबरअखेर ते कलकत्त्याजवळ बजबजला पोचलं तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात वीसेक माणसं मेली. त्या दरम्यान युरोपात महायुद्ध पेटलं होतं. गदर पार्टीने ठरवलं की हीच वेळ. सगळ्यांनी घरी जायचं आणि बंड करायचं.

आणि माणसं खरंच निघाली! ज्वालासिंगांनी जमलेली शेती सोडली. ऑगस्टच्या शेवटी ते एका तुकडीचे पुढारी म्हणून जहाजावर चढले. कलकत्त्याला उतरताच पकडले गेले, खटला चालला, जन्मठेप झाली, अंदमानला पाठवले गेले. वसाखासिंगांचंही तेच झालं. कांशीरामांना १९१५ च्या मार्चमध्ये फाशी दिली. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेले होते, तेही कर्तारसिंग सराभांबरोबर परतले. फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीने फसला. पिंगळे मेरठच्या छावणीत बॉम्बसकट सापडले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात सातजणांना फाशी झाली. सहा पंजाबी शीख आणि सातवे पिंगळे.

खानखोजेंना पार्टीने दुसऱ्या वाटेने पाठवलं होतं, तुर्कस्तानातून इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीकडे. इराणात त्यांनी टोळीवाल्यांची फौज जमवली, इंग्रजांशी चकमकी केल्या, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. मग कधी फकिराच्या वेशात, कधी भटक्या टोळीत, मुसलमान नाव घेऊन ते जीव वाचवत फिरत राहिले. हा भाग सिनेमाला साजेसा आहे आणि पोस्टमध्ये बहुतेक वेळा हाच असतो, म्हणून इथे जास्त लांबवत नाही. लढाई हरली, एवढं खरं.

महायुद्ध संपल्यावर ते बर्लिनला पोचले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्याबरोबर मॉस्कोला गेले. तिथूनही ठोस मदत मिळाली नाही. आता जायचं कुठे? भारतात पाऊल टाकलं तर अटक, अमेरिकेत तर गदरवाल्यांवर खटला होऊन गेलेला. त्या खटल्याच्या शेवटच्या दिवशी, २३ एप्रिल १९१८ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या भर कोर्टात पार्टीचे पुढारी रामचंद्र यांना त्यांच्याच एका सहकाऱ्याने गोळी घातली होती. भांडण पैशांच्या हिशोबाचं आणि फितुरीच्या संशयाचं. मजुरांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या वर्गणीचा शेवट असाही झाला, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत गेले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटणं चालू होतं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवायला लागले. मका आणि गव्हाचे वाण सुधारण्यावर संशोधन केलं, आणि गावातल्या अडाणी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र झाले. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने एक चित्र काढलंय. टेबलाभोवती वेगवेगळ्या वर्णांची गरीब माणसं बसलीत आणि मधला माणूस भाकरी मोडून वाटतोय. तो चेहरा खानखोजेंचा मानला जातो. ते चित्र पाहिलं की मला स्टॉकटनच्या लंगरची पंगत आठवते. रिव्हेराच्या मनात ती नक्कीच नसणार. खानखोजेंच्या मनात असू शकेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हरितक्रांतीचं श्रेय थेट खानखोजेंना देणाऱ्या पोस्ट फिरतात. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले १९४४ मध्ये. खानखोजे त्यांच्या वीस वर्षं आधी तिथे कामाला लागले होते, एवढं बरोबर आहे. पण भारतात आलेला मेक्सिकन गहू बोरलॉग यांच्या कामातून आला. खानखोजेंचं मोठेपण त्या उधारीवर अवलंबून नाही.

स्टॉकटनला काय चाललं होतं या काळात? मुख्य माणसं तुरुंगात, पण सोसायटी चालूच राहिली. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे लाहोरला फाशी झाली त्याच महिन्यात, नव्या इमारतीत गुरुद्वारा सुरू झाला. १९१७ च्या कायद्याने भारतातून नवे मजूर येणं बंद झालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीयांना नागरिकत्व मिळणार नाही. नागरिक नाही म्हणून कॅलिफोर्नियात जमीनही नावावर करता येईना. गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी, म्हणून कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि घरात रोटीबरोबर तोर्तिया भाजली जाऊ लागली. सोसायटीने याच काळात दलीपसिंग सौंद या तरुणाकडून भारताची बाजू मांडणारं पुस्तक लिहून घेतलं. हेच सौंद १९५६ मध्ये अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेले पहिले आशियाई.

खानखोजेंनी १९३६ मध्ये बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाला आणि त्यांनी परत यायची परवानगी मागितली, तर त्यांचं नाव इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत अजून होतं म्हणून ती आधी नाकारली गेली! ज्या राज्यासाठी सगळं आयुष्य घातलं त्याच्याच दारात कागद अडला. नंतर तो सुटला. १९४९ मध्ये ते शेतीच्या कामासाठी नागपूरला आले. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि आपलं गोंदिया भंडारा जिल्ह्यात. पन्नासच्या दशकात ते कुटुंबासह कायमचे नागपूरला राहायला आले.

ज्वालासिंग तुरुंगातून सुटून पंजाबात किसान चळवळीत उतरले होते. १९३८ मध्ये बस अपघातात ते गेले, स्वातंत्र्य त्यांना बघायला मिळालं नाही. सोहनसिंग भकना अंदमान भोगून आले आणि नव्वदी ओलांडून १९६८ मध्ये वारले. त्यांच्या जवळपास दोन वर्षं आधी, २२ जानेवारी १९६७ ला, खानखोजे नागपुरात गेले. पुढे त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं.

साउथ ग्रँट स्ट्रीटवरचा गुरुद्वारा आजही त्याच जागी भरतो. १९३० च्या आसपास बांधलेली विटांची इमारत आता दरबारासाठी वापरतात. जुनी लाकडी इमारत त्याच आवारात आहे. लंगर रोज चालतो, आणि आत जायला कुणी काही विचारत नाही.